अर्धाच वाचलेला पाठ

सोफेवाल्यांचं रोजचं मनन चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यांच्या फोनवर सकाळी उजाडतानाच येऊन पडायचं, आणि ते बोललेलं असायचं दुकानात बसून. घरात बोललं तर भिंतींवर आवाज आपटतो आणि मागून बायकोची भांडी वाजतात. दुकानात चहूबाजूंनी फोमचे ठोकळे, कापडाचे तागे आणि काथ्याची पोती. त्यातून आवाज असा मऊ होऊन निघायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस आत्ताच देवाशी बोलून उठलाय. खरं सांगायचं तर सोफेवाल्यांनाही तसंच वाटायचं. स्वतःचंच मनन ते चहाबरोबर पुन्हा ऐकायचे आणि मधूनमधून मान डोलवायचे.

धंदा खुर्च्या आणि सोफे मढवण्याचा. जुनं कापड उसवायचं, सैल झालेले पट्टे ताणायचे, स्प्रिंगा बांधायच्या, वर फोम, त्यावर नवं कापड. हात चोख होता, गिऱ्हाईक पुन्हा यायचं. कात्र्या टांगायच्या खिळ्यालाच मंडळीचा वर्षभराच्या शास्त्रपाठांचा तक्ता लटकवलेला असे. रोजचा एक पाठ. तो वाचायचा, त्यावर थोडं बोलायचं, शेवटी प्रार्थना आणि आमेन. एवढाच सगळा कारभार.

हा कारभार सुरू झाला दाजींमुळे. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. एके काळी उपासनेत शास्त्रवाचन करावं तर त्यांनीच. सोफेवाले पोरसवदा असताना वाचायला शिकले तेही दाजींच्या बाकावर बसून. दाजींचा नियम एकच होता. तक्त्यात जिथवर दिलंय तिथवर वाचायचं, आपल्याला गोड लागलं तिथे थांबायचं नाही. पोरगा कंटाळून आधीच थांबला की दाजी काही बोलत नसत, बाकावर बोटाने दोनदा टकटक करत. म्हणजे, पुढे वाच.

दोनेक वर्षांपूर्वी दाजींना झटका आला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात तेवढा हलतो, कान आणि डोकं शाबूत. तेव्हा सोफेवाले रोज सकाळी त्यांच्या उशाशी बसून पाठ वाचायचे. मग एका मोठ्या सभागृहाच्या खुर्च्यांचं काम आलं आणि सकाळ हातची गेली. त्यांनी युक्ती काढली. दुकानातूनच फोनवर बोलून ठेवायचं, ताईने तो फोन दाजींच्या उशाशी लावायचा. ताईने बायकोला सांगितलं, बायकोने पाळकांना, पाळकांनी अख्ख्या मंडळीला. परगावी गेलेली माणसंही मनन मागू लागली. लोक रस्त्यात थांबवून हात हातात घेऊ लागले. सोफेवाल्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सभागृहाच्या खुर्च्या कधीच देऊन झाल्या होत्या, पण दाजींच्या उशाशी जाणं काही पुन्हा सुरू झालं नाही. रविवारी दुपारी डोकावायचं, तेही पुढे महिन्यातून एकदा. आपण दाजींना रोज भेटतोच की, फोनवरून, असं त्यांनी मनाला पटवून टाकलं होतं.

आणि एक दिवस ताई दुकानात आली. दाजींच्या पाठीला टेकू द्यायला तिरक्या उतरणीची उशी हवी होती. सोफेवाले एका खुर्चीची बैठक ठोकत होते. या धंद्यात हात दोनच असतात आणि कामं तीन, म्हणून बारीक खिळे ओठांत धरायचे आणि एकेक काढून ठोकत जायचं. तेव्हा बोलता येत नाही. ताई समोरच्या अर्धवट मढवलेल्या खुर्चीच्या लाकडी चौकटीवर बसली आणि हातोडीकडे बघत राहिली.

"बाबू, मी काल प्रार्थना केली," ती म्हणाली. सगळ्या जगाला सोफेवाले असलेला माणूस तिच्यालेखी अजून बाबूच होता. "देवा, यांना ने, म्हटलं. लोक म्हणतात ना, यांचे हाल संपू देत, तसं नव्हे. मला झोप हवी होती रे. फक्त झोप. त्यासाठी मी माझा नवरा न्यायला सांगितला."

सोफेवाल्यांच्या तोंडात खिळे होते. त्यांनी नुसती मान हलवली.

"मग उठले आणि यांची चादर बदलली. हे माझ्याकडे बघत होते. मला यांच्या डोळ्याला डोळा देववेना."

ती बराच वेळ बसली. उशी तयार झाली तशी काखेत मारून निघाली, आणि जाताना तिचा चेहरा आली तेव्हापेक्षा मोकळा होता. कुणाला सांगू नकोस, असं तिने म्हटलं नाही. भावाला ते सांगावं लागतं हेच तिला ठाऊक नव्हतं.

त्यानंतरच्या शुक्रवारी तक्त्यात एलीया संदेष्ट्याचा पाठ आला. मोठा पराक्रम गाजवून झालेला हा माणूस जिवाच्या भीतीने रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, प्रभू, आता पुरे, माझा जीव घे. सोफेवाल्यांनी तिथवर वाचलं आणि थांबले. पुढे आणखी पाठ होता, पण डोक्यात मनन आधीच तयार झालं होतं. मरण मागणारी प्रार्थना, हा विषय जबरदस्त होता. नुसतं एलीयावर बोलून लोकांच्या काळजाला हात घालता येत नाही, आजचं उदाहरण लागतं. आणि उदाहरण हाताशी होतं.

"माझ्या ओळखीची एक बहीण आहे," सोफेवाले फोममधून निघणाऱ्या त्या मऊ आवाजात म्हणाले. मंडळीत सगळ्याच बायका बहिणी, तेव्हा पडदा चांगला जाड आहे असं त्यांना वाटलं. "तिचा नवरा अंथरुणाला खिळलाय. ती रात्रंदिवस त्याची सेवा करते. आणि एक दिवस ती थकून म्हणाली, देवा, यांना ने, मला झोप हवी. प्रियजनहो, देव असली प्रार्थनासुद्धा ऐकून घेतो." इथे त्यांचा आवाज आपोआप भरून आला. आमेन म्हणून त्यांनी ते पाठवून दिलं आणि समाधानाने कापड बेतायला घेतलं. त्या दिवशी फोन सारखा किणकिणत होता. इतकी दाद कधीच मिळाली नव्हती.

रविवारी उपासनेला ताई आली नाही. प्रभुभोजनाच्या मेजावरची पांढरी चादर धुऊन, इस्त्री करून आणायचं काम तिचं. चादर आली होती, पण शेजारणीच्या हाती. सोफेवाल्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. दाजींना बरं नसेल, एवढंच मनात येऊन गेलं.

उपासना संपल्यावर दातांच्या डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली. "शुक्रवारचं ऐकून अंगावर काटा आला हो," ते म्हणाले. सोफेवाल्यांनी नम्रपणे खाली बघितलं. हे खाली बघणं त्यांना आता चांगलं जमायला लागलं होतं. मग वेदीपाशी फुलं ठेवणाऱ्या बाई जवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताईंना सांगा, आम्ही सगळ्या त्यांच्यासाठी गुडघे टेकतोय. येतं असं मनात. माणूसच आहोत आपण."

"कोणत्या ताईंना?" सोफेवाल्यांनी विचारलं. इतका बावळट प्रश्न त्यांनी आयुष्यात विचारला नसेल.

"आता आमच्यापासून काय लपवायचं? अंथरुणाला खिळलेला नवरा आपल्या मंडळीत आहे कुणाला दुसरा?"

सोफेवाल्यांनी इकडेतिकडे पाहिलं. दारापाशी बोलत उभ्या असलेल्या बायका त्यांच्याकडे बघून प्रेमाने हसल्या, आणि त्या हसण्याची त्यांना लाज वाटली. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटून ते बाहेर पडले. ताईचं घर दोन गल्ल्या पलीकडे. पाय त्या बाजूला वळलेसुद्धा. पण काय तोंड दाखवायचं? मग त्यांना आठवलं, की एका गिऱ्हाइकाचं कापड बघायचं राहिलंय. रविवारी दुकान कधी न उघडणारा हा माणूस त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कापडाचे तागे या फळीवरून त्या फळीवर लावत बसला. बायकोला त्यांनी काही सांगितलं नाही.

सोमवारचा पाठ जिभेवरचा होता. शास्त्रातल्या एका पत्रात म्हटलंय, की जीभ म्हणजे लहानशी ठिणगी, पण अख्खं रान पेटवते. तक्त्याकडे बघून सोफेवाले गारच पडले. वर्षभर आधी छापलेल्या तक्त्याने आपलंच नाव घ्यावं म्हणजे काय. पण पाठ वाचता वाचता त्यांना वाट दिसली. कबूल करायचं. सगळ्यांसमोर, उघडपणे. त्यांनी फोन समोर ठेवला आणि बोलले, की या जिभेने मी एका बहिणीचा विश्वास मोडला, मी पापी आहे, प्रियजनहो, मला क्षमा करा. बोलता बोलता खरंच डोळ्यांत पाणी आलं. शेवटी छातीवरचं ओझं निम्मं उतरल्यासारखं झालं. ऐकून पाहिलं, तर गेल्या वर्षभरातलं सगळ्यात उत्तम मनन तेच झालं होतं, हेही त्यांच्या लक्षात आल्यावाचून राहिलं नाही.

तेवढ्यात बायको चहाचा थर्मास घेऊन आली. त्यांनी तिला ते ऐकवलं. तिने उभ्याउभ्या सगळं ऐकलं, थर्मास शिवणयंत्रावर ठेवला आणि विचारलं, "हे पाठवलंत?"

"अजून नाही. कसं वाटलं?"

"तो नोहाचा मुलगा आठवतोय? बाप उघडा पडलेला बघून बाहेर जाऊन भावांना सांगणारा. तो तरी एकदा सांगून गप्प बसला. तुम्ही दुसऱ्यांदा निघालात."

"अगं, मी माफी मागतोय."

"कुणाची? शुक्रवारी ज्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, त्यांच्या आज येईल. ताईंची अब्रू पुन्हा एकदा वेशीवर टांगायची, आणि त्यात तुम्ही मोठे दिसायचं. अशी माफी मला मागितलीत तर मी तुम्हाला घरात घेणार नाही."

सोफेवाल्यांना तोंडात मारल्यासारखं झालं. बायको इतक्यावर थांबली असती तरी पुष्कळ होतं. पण तिला शुक्रवारपासूनच कळलेलं होतं आणि नवरा कधी तोंड उघडतो याची ती वाट बघत होती, म्हणून तिने पुढचंही सांगून टाकलं.

"आणि ताईंचं सोडा. दाजींनी ऐकलं असेल, त्याचं काय?"

मंडळीतल्या एकूणएक माणसांचा विचार सोफेवाल्यांनी केला होता. दातांचे डॉक्टर, फुलंवाल्या बाई, पाळक, परगावचे लोक, कुणाला काय वाटलं असेल ते सगळं. ज्या एका माणसासाठी हा फोन पहिल्यांदा हातात धरला, तो त्यांच्या ध्यानातच आला नव्हता. दाजींना वाचा नाही, दाद देता येत नाही, म्हणून ते यादीतून गळूनच गेले होते. आणि रोज सकाळी ताई त्यांची चादर बदलताना फोन उशाशी लावते. शुक्रवारीही लावला असणार. आपल्या बायकोची ती प्रार्थना त्या माणसाने अंथरुणात पडल्या पडल्या, मेहुण्याच्या मऊ आवाजात ऐकली असणार.

सोफेवाल्यांनी फोनवर बोललेलं पुसून टाकलं. फोन मेजावर ठेवला, पवित्र शास्त्र उचललं आणि दुकान बायकोच्या हवाली करून निघाले.

ताईने दार उघडलं. ती दारातून बाजूला झाली. डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले. स्वयंपाकघरात दोन भांडी झाकून ठेवलेली होती, जशीच्या तशी.

"ताई, मी..."

"शुक्रवारपासून हे जेवत नाहीत," ती म्हणाली. "चमचा पुढे केला की ओठ घट्ट. पाण्याचे दोन घोट घेतात, तेवढेच. यांचे डॉक्टर काल येऊन गेले. म्हणाले, गिळता येतंय, पण गिळायचं नाहीये." ती भिंतीला टेकली. "तुला कळतंय का? मी मागितलं ते हे द्यायला निघालेत."

सोफेवाले खाली वाकले, ताईच्या पायांना हात लावायला. तिने पाय मागे घेतले.

"माफी नंतर बघू. आधी यांच्या पोटात काही जाऊ दे. मी सांगून थकले. माझं हे कसं ऐकतील? तुझं तरी ऐकतात का बघ. तुझं फार लोक ऐकतात ना."

हे तिने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच ते फार लागलं.

दाजी त्या तिरक्या उशीला टेकून पडले होते. गाल आत गेलेले, डोळे छताकडे. सोफेवाले स्टुलावर बसले, तरी ते डोळे वळले नाहीत. समजावून सांगावं असं पुष्कळ मनात आलं, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात त्यांना आपल्या मननासारखीच ऐकू आली. त्या मऊ आवाजाची त्यांना किळस आली. शेवटी दुसरं काहीच सुचेना, तेव्हा त्यांनी शास्त्र उघडलं आणि शुक्रवारचाच पाठ काढला. का काढला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. जिथे घाण केली तिथेच पुसायला हात फिरतो तसं काहीसं असेल.

ते वाचू लागले. एलीया रानात गेला. एका झुडपाखाली बसला. म्हणाला, प्रभू, आता पुरे, माझा जीव घे. आणि तिथे सोफेवाले थांबले. शुक्रवारी थांबले होते नेमके त्याच जागी. डोळ्यांपुढची अक्षरं पुसट झाली. ताई दारात वाटी घेऊन उभी होती, दुधात कुस्करलेला पाव तिच्या हातात निवत चालला होता.

टक टक.

सोफेवाल्यांनी वर पाहिलं. दाजी अजून छताकडेच बघत होते, पण डावा हात पलंगाच्या कडेवर होता. बोट उचललं, आणि लाकडावर पुन्हा दोनदा वाजलं.

सोफेवाल्यांनी बाहीने डोळे पुसले आणि पुढे वाचलं. एलीया झुडपाखाली झोपला. तेव्हा देवदूताने त्याला स्पर्श केला आणि म्हटलं, ऊठ, खा. त्याने पाहिलं, तर उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो जेवला, पाणी प्यायला आणि पुन्हा झोपला. देवदूत दुसऱ्यांदा आला. त्याला स्पर्श करून म्हणाला, ऊठ, खा, पुढची वाट लांब आहे, ती तुला झेपणार नाही. सोफेवाल्यांनी हे वाचलं ते मंडळीला ऐकवायच्या आवाजात नाही. दाजींच्या बाकावर बसून वाचायचे तशा, अडखळत्या आवाजात वाचलं. मरण मागणाऱ्या माणसाला देवाने बोल लावला नव्हता, उपदेश केला नव्हता. झोपू दिलं होतं आणि जेवायला घातलं होतं, दोनदा. हे सगळं त्या पाठात शुक्रवारीही होतं. त्यांनी पान पुढे वाचलं असतं तर ते दाजींनाही ऐकू गेलं असतं, आणि ताईलाही.

ताई पलंगापाशी आली. "अहो," ती म्हणाली, "मी ते मागितलं होतं. खोटं सांगत नाही. थकले की पुन्हाही मागेन कदाचित. पण मला झोप हवी होती हो. तुम्ही जावं असं नव्हतं." तिने चमचा पुढे केला.

दाजींचे डोळे पहिल्यांदा छतावरून खाली आले. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग डावा हात उचलला, चमच्याला लावला आणि चमचा हळूच तिच्याकडे ढकलला. ताईला कळेना. त्यांनी पुन्हा ढकलला, तिच्या तोंडाकडे.

"मीही जेवले नाहीये, कसं कळलं तुम्हाला?" ती म्हणाली आणि रडायला लागली. रडता रडता तिने तो घास खाल्ला. दुसरा चमचा भरला तेव्हा दाजींनी तोंड उघडलं. निम्मं ओठातून सांडलं. तिने ते पदराने टिपलं आणि तिसरा भरला.

सोफेवाले शास्त्र मिटून बसून होते. आपण इथे असायला हवं की नको हे त्यांना कळत नव्हतं. वाटी संपली तशी ताईने डोळे पुसले आणि कोपऱ्यातल्या सतरंजीकडे पाहिलं.

"मी पडते जरा," ती म्हणाली. "तू बस यांच्यापाशी. आणि ऐक, मी तुला माफ केलेलं नाही अजून. करेन की नाही तेही ठाऊक नाही. पण उद्यापासून सकाळी येत जा. फोन दुकानात ठेवून ये."

ती आडवी झाली आणि बघता बघता तिला झोप लागली. सोफेवाल्यांनी तिच्या अंगावर चादर घातली. तिकडे दुकानात फोन किणकिणत असणार, आजचं मनन कुठे म्हणून लोक विचारत असणार. स्टुलावर परत बसून ते नुसते दाजींच्या हाताकडे बघत राहिले. काही वेळाने त्या हाताचं बोट उचललं. टक टक.

सोफेवाल्यांनी सोमवारचा पाठ काढला, जिभेवरचा, आणि ताईची झोप मोडू नये अशा हळू आवाजात शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.